मधातला पुडका

"फुकट?" बुधरीबाईंनी विचारलं. "एक पैसाही नाई?"

"नाई बाई," करिश्मा म्हणाली.

"मंग ज्यानं बनवलं, त्याचं पोट कसं भरते?"

हॉलमधली माणसं हसली. करिश्माही हसली. प्रश्न रास्त होता आणि तो कोणीतरी विचारणार हे तिला ठाऊक होतं.

अहेरीहून आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जुनी भातगिरणी आहे. गिरणी बंद झाल्यावर तिथे जंगलातल्या गावांच्या महासंघाचं कार्यालय आलं. ही गावं आपला बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकतात. त्या विक्रीचे हिशेब, ट्रकचे वाहतूक परवाने आणि प्रत्येक गावाच्या जंगलाचे नकाशे कार्यालयातल्या एका सर्व्हरवर होते. बुधरीबाई तलांडे महासंघाच्या अध्यक्ष होत्या आणि करिश्मा सडमेक त्या सर्व्हरची देखभाल करायची. तिनं चंद्रपूरला भौतिकशास्त्रात बीएस्सी केलं होतं. संगणकाचं बाकीचं शिक्षण तिनं इंटरनेटवर, फुकट मिळेल तिथून मिळवलं होतं.

"दोन रस्ते आहेत त्यांचे," ती म्हणाली. "ज्याले मदत पाहिजे, मोठी कंपनी असन, बँक असन, ते मदतीचे पैसे देतात. ज्याले स्वतः करता येते, त्याले फुकट. आणि आतलं सगळं उघडं ठेवतात. कोणीही वाचावं, चूक सापडली त सांगावं."

"आन् तुले तरास झाला त फोन कोणाले लावशीन?"

"फोन नाई बाई. लिहून विचारते. मागच्या पावसाळ्यात नेटवर्क अडलं होतं, तवा ब्राझीलच्या एका माणसानं सांगितलं."

"कुठच्या?"

"लय दूरच्या."

"त्याले आपलं गाव माहीत हाय?"

"नाई. पण अडलं कुठी ते त्याले समजलं."

भिंतीजवळ खुर्चीवर बसलेल्या स्वप्निलनं मान हलवली. तो नागपूरच्या एका कंपनीचा माणूस होता, नीट इस्त्रीचा शर्ट घातलेला आणि बोलण्यात सौम्य. जुन्या सर्व्हरवर जे विकतचं सॉफ्टवेअर होतं, त्याचा परवाना दुसऱ्या दिवशी संपत होता. स्वप्निलच्या पिशवीत नवा करार तयार होता. करारात सगळं होतं: नवं सॉफ्टवेअर, दुरुस्ती, देखरेख. त्यातच असंही होतं, की सर्व्हरचे मुख्य पासवर्ड कंपनीकडे राहतील. करिश्माला तेवढंच नको होतं. गावकऱ्यांनी दोन हिवाळे जंगल पायी फिरून हद्दीचे बिंदू जीपीएसवर टिपले होते. ते बिंदू पाहायला गावांनी नागपूरला फोन लावावा, हे तिला पटत नव्हतं.

म्हणून तिनं दुसरी सोय केली होती. चंद्रपूरहून एक वापरलेला पण धडधाकट सर्व्हर आणला आणि त्यावर तेच काम करणारं प्रॉक्समॉक्स नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर बसवलं. ते काय करतं हे कार्यालयाचे सचिव सुनिलभाऊ लोकांना आपल्या पद्धतीनं समजावत.

"एका घरात चार चुली," ते आताही म्हणाले. "घर एकच, छप्पर एकच. पण सुना वेगळ्या रांधतात. एकीचा भात करपला त दुसरीची भाजी बिघडत नाई. तसं या एका डब्यात चार कंप्युटर राहतात. एक नकाशांचा, एक परवान्यांचा, एक हिशेबाचा आन् एक आपल्या ऑफिसचा."

"आन् डबाच जळला त?" मागून एका बाईनं विचारलं.

"मंग घर जळलं, चुलीचं काय इचारता?" दुसरी म्हणाली, आणि पुन्हा हसू उठलं.

"म्हणून रोज नक्कल घेतो," करिश्मा म्हणाली. "जुन्या डब्यातल्या चारही कंप्युटरची रोजची नक्कल दुसऱ्या डिस्कवर जाते. ते करणारं साधनही फुकटचंच. कालच्या नकलेवरून मी हे चारही इथी उभे केले आहेत."

इथली रीत अशी की हात वर करून मतं मोजत नाहीत. प्रत्येक गावाचा माणूस 'हव', म्हणजे हो, म्हणतो, आणि एकही गाव अडलं तर बैठक संपत नाही. सकाळपासून बऱ्याच गावांनी करिश्माच्या सोयीला 'हव' म्हटलं होतं. कोंदावाहीचे दसरूभाऊ मात्र म्हणाले नव्हते. ते खांबाला टेकून बसले होते. पायाशी काठी होती आणि नजर भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर.

"पोरी," ते म्हणाले, "तू सांगतेस ते बरं वाटते. ते कंपनीवाले भाऊ सांगतात तेही बरं वाटते. बरं सांगणारे लय पाहले."

"मंग पाहून घ्या," करिश्मा म्हणाली. "मधातला पुडका काढा."

हॉल एकदम सावरून बसला. स्वप्निलला काही कळलं नाही. सुनिलभाऊ त्याच्याकडे वाकले.

"उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडतात ना, सर. सत्तर पानांचा पुडका बांधतात. फळीवर, म्हणजे पानं गोळा करतात त्या जागी, आणून रचतात. मंग दिवाणजी येते तपासाले. तो वरचा पुडका कधीच उचलत नाई. वरचा त सगळे चांगलाच ठेवतात. मधात हात घालते, एक ओढते, सोडते आन् पानं मोजते. तो बरोबर निघाला त रास बरोबर."

करिश्मानं लहानपणी आईसोबत किती पुडके बांधले असतील याचा हिशेब नव्हता. दिवाणजीचा हात राशीत जाताना वाटणारी भीती तिला नीट आठवत होती. स्वतःच्या कामावर भरवसा असेल तर ती वाटत नाही, हेही तिथेच कळलं होतं. आज ती वाटत नव्हती.

"जुना सर्व्हर मी तुमच्यासमोर बंद करते," ती म्हणाली. "नवा चालू आहे. मी कोणतंही गाव निवडत नाई. तुम्ही सांगा. त्या गावाचा नकाशा, हद्दीच्या बिंदूंसकट, इथी पडद्यावर दिसला पाहिजे. नाई दिसला त करारावर सही करा."

शेवटचं वाक्य बोलायचं ठरलेलं नव्हतं. सुनिलभाऊंनी तिच्याकडे चमकून पाहिलं. पण शब्द गेले होते, आणि तिला ते परत घ्यावेसे वाटले नाहीत.

तिनं जुन्या सर्व्हरवरचे चारही संगणक रीतसर बंद केले आणि मग खुद्द सर्व्हरचं बटण दाबलं. त्याच्या पंख्यांचा जो आवाज या इमारतीत कायमचा होता, तो थांबला. सवयीनं तो कोणाला जाणवतही नसे; आता बाहेरच्या झाडावरचे पोपट ऐकू आले.

"कोंदावाही," दसरूभाऊ म्हणाले.

करिश्मानं नकाशे उघडले. पडद्यावर नदी आली, नाले आले, गावाचं नाव आलं. सरकारी नकाशाची फिकट रेघ आली. हद्दीचे बिंदू आले नाहीत.

तिनं नकाशा बंद करून पुन्हा उघडला. तेच. शेजारचं गाव उघडलं, तिथे बिंदू होते. तिसरं उघडलं, तिथेही होते. कोंदावाहीला नव्हते.

"आमी चाललो ते कुठी गेलं?" दसरूभाऊंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"एक मिनिट, भाऊ."

ती पडद्याकडे पाहत उभी राहिली. हात कीबोर्डवर नेला नाही. काही बिघडलं की आधी विचार, मग बोट, हा तिचा नियम होता. कोंदावाही नाही. मग आणखी कोण नाही? तिनं कोंदावाहीसारखीच नदीपलीकडची दुसरी दोन गावं उघडली. दोन्हीकडे फक्त फिकट रेघ.

मग तिला कळलं.

पावसाळ्यात बांडिया नदीला पूर आला की पलीकडची गावं तुटतात. रस्ता नसतो, नेटवर्क नसतं. त्या गावांची माहिती तेव्हा पेन ड्राइव्हवर येते, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून, होडी चालू असेल त्या दिवशी. तीच माहिती दोनदा-तीनदा येते, कधी अर्धी येते. मागच्या वर्षी त्यासाठी करिश्मानं सर्व्हर बंद न करताच नकाशांच्या संगणकाला एक वेगळी डिस्क जोडली होती. पावसाळ्यापुरती. घरात पावसाचं सरपण वेगळं रचतात तशी. रोज बदलणारा तो पसारा नकलेत नको, म्हणून त्या डिस्कपुढे 'नक्कल नको' अशी खूण केली होती. पाऊस संपला. गावांचे पक्के बिंदू त्याच डिस्कवर राहिले. खूणही राहिली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली, आणि हे सगळं तिनं असंच, याच क्रमानं सांगितलं. "पलीकडच्या गावांचे बिंदू एका वेगळ्या डिस्कवर आहेत. तिची नक्कल होत नव्हती. ते फक्त या जुन्या डब्यात आहेत."

"जो तू आता बंद केला," बुधरीबाई म्हणाल्या.

"हव."

"मग चालू करा ना, मॅडम," स्वप्निल म्हणाला. तो उठून जवळ आला होता. "आणि राग मानू नका, पण सपोर्ट करार यासाठीच असतो. चुका सगळ्यांकडून होतात. आमच्याकडे त्या पकडायला चार माणसं असतात."

"ते खरं आहे," करिश्मा म्हणाली आणि बटण दाबलं.

पंखे फिरले. हिरवा दिवा लागला, मग पिवळा झाला. पडद्यावर ओळ आली: डिस्क सापडली नाही.

स्वप्निल आता हळू आवाजात बोलला. "किती वर्षं बंदच केला नव्हता?"

"मी आल्यापासून तरी नाही."

"अशी डिस्क थांबली की कधी कधी उठत नाही."

"उठली आहे," करिश्मा म्हणाली. तिनं डब्याच्या झाकणावर तळहात ठेवला होता. "फिरते आहे. ऐका. आवाज एकसारखा आहे, अडखळत नाही. डिस्क चालू आहे, डब्याला ती दिसत नाहीये. बिघाड मधात आहे, केबलमध्ये नाहीतर जोडणीत."

तिनं पुन्हा सगळं बंद केलं, झाकण उघडलं आणि डिस्क बाहेर काढली. जोडणीच्या दात्यांवर बारीक पिवळट धूळ होती. गिरणीच्या भिंतीतून अजूनही कोंडा गळायचा. तो कधी पूर्ण जात नाही. तिनं ती धूळ पुसली, पण डिस्क त्या डब्यात परत लावली नाही.

"काऊन नाई लावत?" दसरूभाऊ उठून आले होते. काठीवर भार देऊन ते तिच्या खांद्यावरून पाहत होते.

"लावली आन् चालली त बरंच. पण तो डबा चालू होताना डिस्कवर स्वतःचं काहीतरी लिहिते. जिच्यात तुमचे बिंदू आहेत, तिच्यावर मले एक अक्षर लिहू द्यायचं नाई. आधी तिची नक्कल. मंग जे करायचं ते नकलेवर."

तिनं पिशवीतून एक पेन ड्राइव्ह काढला. त्यावर बिघडलेल्या डिस्क वाचायची साधनं होती. तीही फुकटची, वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वर्षी लिहिलेली. आपला लॅपटॉप तिनं त्या पेन ड्राइव्हवरून चालू केला. एका जोडणीला जुनी डिस्क लावली, दुसरीला एक रिकामी. जुनी डिस्क फक्त वाचता येईल अशी ठेवली. मग डीडीरेस्क्यू सुरू केलं. ते साधन डिस्कचा एकेक तुकडा उचलून दुसरीकडे ठेवतं. जिथे अडतं तिथे हट्ट करत नाही, पुढे जातं आणि शेवटी मागे सुटलेल्या जागांकडे परत येतं.

पडद्यावर आकडे सरकू लागले.

"किती वेळ?" बुधरीबाईंनी विचारलं.

"जेवण होईल तोवर. थोडं जास्तही."

"मंग जेवू. सहीचं नंतर पाहू."

बैठक उठली नाही, फक्त पत्रावळी आल्या. भात, वरण, सेमीच्या शेंगांची भाजी. स्वप्निल दारात उभा राहून फोन करत होता. वाढणाऱ्या बाईनं त्याला हाक मारली.

"कंपनीवाले भाऊ, या. बिल नाई लावत."

"फुकट आहे, घाबरू नका," दुसरी म्हणाली. "लागलं त सपोर्टपण देतो. भाजी परत वाढतो."

स्वप्निल हसला आणि येऊन पंगतीत बसला. करिश्मा लॅपटॉपशेजारी जेवली. दसरूभाऊ तिच्या बाजूलाच बसले होते. डिस्ककडे पाहून त्यांनी विचारलं, "ते अडलं का?"

"तीन जागी अडलं. सोडून पुढे गेलं. परत येईन तिथी."

"आमीपण तसंच चाललो होतो," ते म्हणाले. "हद्दीवर. मधात तो मोठा डोह येते ना. तिथून काही जाता येत नोयतं. मंग वरून फिरलो, पुढचं सगळं करून घेतलं. पाणी उतरल्यावर डोहाकडे आलो. माही सून होती मशीन धरून. मी म्हणलं, राहू दे, एक बिंदू कमी. नाई म्हणे, बुवा, राहत नसते."

"तिचं बरोबर होतं."

"हव, तिचंच बरोबर राहते," दसरूभाऊ म्हणाले. मग जरा थांबून, "लग्न झाल्यापासून."

अडलेल्या तीन जागांपैकी दोन परत येताना वाचल्या गेल्या. तिसरी राहिली. करिश्मानं तिचा क्रमांक पाहिला आणि नक्कल उघडून ती जागा कशाची आहे ते शोधलं. तिथे बिंदू नव्हते, मागच्या पावसाळ्यात दोनदा आलेल्या फोटोंपैकी एक होता. तिनं हे मोठ्यानं सांगितलं, कारण सकाळपासून सगळं मोठ्यानंच चाललं होतं. मग पलीकडच्या गावांची पूर्ण माहिती नव्या सर्व्हरवरच्या नकाशांच्या संगणकात घातली आणि त्या डिस्कपुढची खूण बदलली. 'नक्कल हवी.'

"थांबा," ती म्हणाली. "अजून दाखवत नाई."

नव्या व्यवस्थेत तिनं एक ताजी नक्कल घेतली. मग नव्या सर्व्हरवरचा नकाशांचा संगणक चक्क पुसून टाकला. सुनिलभाऊंच्या तोंडून एक शब्द निघाला जो बैठकीत बोलत नाहीत. स्वप्निल खुर्चीवरून अर्धा उठला.

"मॅडम, सगळं आलं होतं ना?"

"आलं होतं. पण ते माझ्या हातानं घातलेलं होतं. वरचा पुडका होता तो." तिनं ताज्या नकलेवरून संगणक पुन्हा उभा करायला लावला. हिरवी पट्टी भरत गेली. "आता मधातला."

या वेळी तिनं दसरूभाऊंकडे पाहिलं नाही, नकाशे उघडले आणि खुर्ची मागे सरकवली.

"तुम्हीच लिहा, सर," ती स्वप्निलला म्हणाली. "गावाचं नाव."

स्वप्निलनं कोंदावाही लिहिलं.

नदी आली. नाले आले. फिकट रेघ आली. तिच्यावरून, तिच्याबाहेर, कधी तिच्या आतून, बिंदूंची एक वाकडीतिकडी माळ आली. दसरूभाऊ पडद्याच्या अगदी जवळ गेले. काठीचं टोक उचलून त्यांनी एक जागा दाखवली.

"हे बेहड्याचं झाड. हे देवाचं ठाणं. हा डोह." काठी थांबली. डोहाच्या काठावर बिंदू होता. "हव. हा तिचाच."

ते आपल्या जागेवर जाऊन बसले. हॉल वाट पाहत होता.

"हव म्हणाल का, भाऊ?" बुधरीबाईंनी विचारलं.

"म्हणतो. पण एक अट हाय." दसरूभाऊंनी करिश्माकडे बोट केलं. "आज मी कोंदावाही नसतो म्हणलो त हे कळलं नसतं. ते कंपनीचे चार माणसं असतात म्हणते, त आपल्याकडेपण पाहिजेत. दर बैठकीत एक पुडका. अशीच पुसून दाखवशीन, अशीच उभी करशीन. आमी पाहू."

"कंपनीची चार त आमी चाळीस बसलो," मागची बाई म्हणाली.

"चालेल," करिश्मा म्हणाली. त्या क्षणी तिला वाटलं की ही अट तिनंच घालायला हवी होती.

मग राहिलेल्या गावांनीही 'हव' म्हटलं, एकामागून एक, काहींनी गोंडीत, काहींनी मराठीत. स्वप्निलनं करार पिशवीत ठेवला. निघताना तो सर्व्हरच्या टेबलाजवळ आला. जुन्या डब्याचं उघडं झाकण, कोंड्याची धूळ आणि टेबलावरचा पेन ड्राइव्ह त्यानं पाहिला.

"माझ्या दोन गिऱ्हाइकांच्या नकला आम्ही रोज घेतो," तो म्हणाला. "उभ्या करून कधी पाहिल्या नाहीत. त्या पेन ड्राइव्हवरची साधनं कुठून घ्यायची?"

करिश्मानं एका कागदावर पत्ते लिहून दिले. "सगळं फुकट आहे," ती म्हणाली. "वाचायला मात्र वेळ लागतो."

"आणि अडलं तर?"

"लिहून विचारा. ब्राझीलवाला चांगला आहे."

तो गेल्यावर तिनं जुनी डिस्क कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. बुधरीबाई दारात चपला शोधत होत्या.

"पुढच्या बैठकीत कोणतं गाव काढणार, बाई?" तिनं विचारलं. "तयारी करून ठेवते."

बुधरीबाईंना एक चप्पल सापडली होती, दुसरीसाठी त्या वाकल्या होत्या.

"दिवाणजी कधी सांगून येते का?" त्या म्हणाल्या. "तवाच सांगू."